परसात टाकलेली बाजरी

पिकावरची पाखरं मारायला यंत्राचे ससाणे आले, तेव्हा गावात ते उडवायचं काम हैबतीला मिळालं. त्याची बायको कौसल्या मात्र पाखरांनी शेताकडे जाऊच नये म्हणून रोज परसात बाजरी टाकायची.

त्या सकाळी एक मुनिया तिच्या तळहातावर दाणे टिपायला उतरली आणि शेतावरचा ससाणा थेट परसात झेपावला. मुनियेच्या चिंध्या झाल्या. कौसल्येची दोन बोटं तुटून अळवात पडली.

हैबतीने धावत येऊन कुदळीने ससाणा ठेचून काढला. "मीच सोडला होता गं हा," तो रडत म्हणाला.

"बाकीचे कुठायत?"

"खोलीत. चार्जिंगला लावलेत."

कौसल्येने जखमेवर पदर आवळला, दुसऱ्या हातात मुसळ घेतलं आणि त्याच्याआधी खोलीत शिरली.