आगाऊ आभार

बोलणी दुपारी तीनला होती, पण मोठ्या मित्रदेशाचं आभारपत्र सकाळीच आमच्या परराष्ट्रमंत्री मॅडमच्या टेबलावर येऊन पडलं. "आमच्या लष्करी कारवाईसाठी तुमचे तीनशे जवान दिल्याबद्दल आम्ही ऋणी आहोत." मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि मला, त्यांच्या सचिवाला, प्रिंटरमध्ये कागद भरायला सांगितलं.

तीनला त्यांचे राजदूत आले. मॅडमनी पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. "आम्ही अजून हो म्हटलेलं नाही, आणि तुम्ही आभार मानून मोकळे?"

"मनावर घेऊ नका, मॅडम," राजदूत हसले. "वेळ वाचावा म्हणून आम्ही असले कागद आधीच तयार ठेवतो. नंतर नुसती तारीख टाकायची."

"पद्धत बरी आहे," म्हणत मॅडमनी माझ्या हातातला गठ्ठा घेतला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "मग हेही आजच उरकून टाका. नावं तेवढी नंतर भरू."



गठ्ठ्यात तीनशे सांत्वनपत्रं होती, कारवाईत गेलेल्या जवानांच्या आईवडिलांना लिहिलेली, आणि प्रत्येकाखाली सहीच्या जागी राजदूतांचं नाव छापलेलं होतं.