तीन हजार आठशे जमा

"म्हणजे आम्ही तुम्हाला काही देणं लागत नाही, उलट तुम्हीच आम्हाला लागता?" रोखपालाने तिसऱ्यांदा विचारलं. उत्तर ऐकायला गोड वाटत होतं.

"हो सर. तुमच्या खात्यावर तीन हजार आठशे जमा दिसतायत," वीज कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली.

त्याने फोन स्पीकरवर टाकला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी नऊ महिन्यांची बिलं ओळीने मांडली. दाढ दाखवायला बँकेतून अर्धी रजा घेतली होती, दाढ दहा मिनिटांत उरकली होती. बायको कामावर, मुलगी शाळेत, घर कसं शांत. गेल्या वर्षीच्या वापराची सरासरी काढून कंपनीने त्याला दरमहा सारखा हप्ता लावून दिला होता. वापर घटला की जादा भरलेले पैसे खात्यावर साठत जायचे. आणि वापर घटला तो कुणामुळे, याबद्दल रोखपालाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणं झाली की तो बिल मोठ्याने वाचायचा. वाचून झालं की घरातल्या प्रत्येकाने एकेक गोष्ट सोडायची. बायकोने इस्त्री सोडली. मुलीने हेअर ड्रायर सोडला, त्यासाठी दोन दिवस रडली. त्याने स्वतः दारावरचा दिवा सोडला आणि नंतर वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत राहिला. त्याचे वडील, नाना, आपली पाळी आली की नाकातली नळी सारखी करून म्हणायचे, "माझ्याकडे काय राहिलंय रे सोडायला?" मग सगळे हसायचे. फुप्फुसं कामातून गेलेल्या माणसाला कोण काय सोडायला सांगणार? फक्त एकदा, गेल्या वर्षी, रोखपाल बोलून गेला होता की घरातली निम्मी वीज ते ऑक्सिजनचं मशीन एकटं खातं. रागाने नव्हता बोलला. आपलं सहज, बिल वाचता वाचता.

"शिस्त लागते हो त्याला," तो आता फोनला सांगत होता. "इस्त्री बंद, ड्रायर बंद..."

"इस्त्रीने एवढा फरक नाही पडत, सर. तुमचं मीटर दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवतं, ती माझ्यासमोर आहे. सुट्टीच्या दिवशी तुमचा वापर पहिल्यासारखाच आहे. बाकी पाच दिवस सकाळी नऊला एकदम खाली येतो आणि संध्याकाळी सव्वापाचला परत वर जातो. नऊ महिने हेच चाललंय. कामावर जाताना काही मोठं मशीन बंद करून जाता का?"

"छे, आम्ही कुठलं मशीन..."

आणि तो थांबला. घर शांत होतं. टीव्हीचा आवाज वाढवायला लावणारी, झोपेतसुद्धा भिंतीपलीकडून ऐकू येणारी ती घरघर कुठेच नव्हती. अर्धा तास तो या शांततेत बसून खूश होत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आंघोळीपुरती नळी काढली तर चालेल, एरवी चोवीस तास. गेल्या तपासणीत त्यांनीच विचारलं होतं, "मशीन चालू असतं ना नीट?" आणि त्याने छातीठोकपणे हो म्हटलं होतं.

तो धावत आतल्या खोलीत गेला.

नाना पलंगाच्या कडेला वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. खांदे वरखाली होत होते. ओठ जांभळे पडले होते. मशीनची वायर भिंतीतून काढून नीट गुंडाळून ठेवलेली होती आणि उशाशी गजराचं घड्याळ होतं. गजर सव्वापाचचा लावलेला होता. सून पावणेसहाला नातीला घेऊन घरी यायची. तोवर ओठांवर रंग परत यायला हवा, याचाही अंदाज म्हाताऱ्याने बांधून ठेवला होता.

"आज... लवकर?" नाना म्हणाले. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"हे काय केलंत, नाना!" त्याने वायर उचलली. घाईघाईने पिन भिंतीत खुपसायला लागला. स्वतःची इतकी किळस त्याला आयुष्यात कधी आली नव्हती. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी सांगितलं होतं का?"

नानांनी मानेनेच नाही म्हटलं. पिन बसली, मशीन घरघरायला लागलं. त्याने नळी त्यांच्या नाकाला लावली, कानांमागून नीट घेतली. लहानपणी शाळेला जाताना नाना त्याची टोपी अशीच कानांवरून नीट करायचे.

"किती..." नाना श्वास ओढून म्हणाले, "किती झाले?"

त्याने नळी पुन्हा एकदा सारखी केली. पण ते वाटच बघत राहिले.

"तीन हजार आठशे."

नानांचा चेहरा फुलला. याला बँकेत नोकरी लागली त्या दिवशी फुलला होता, तसा.

बाहेर टेबलावरून फोनवरच्या मुलीचा आवाज आला, "सर, आहात ना लाइनवर? रक्कम परत पाठवू, की पुढच्या बिलांत वळती करू?"

नानांनी हात वर करून त्याला थांबवलं. दोन श्वास घेतले.

"परत माग," ते म्हणाले. "पुढची बिलं... तशीही कमीच येतील."