चाकावरचं घर

कृष्णराजनं जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं चाकावरचं घर केलं, तेव्हा त्याचे दाजी हसून म्हणाले होते, "त्यात साधा चहा तरी होतोय व्हय?" म्हणून पहिल्याच सहलीला त्यानं आईबरोबर दाजींनाही मुद्दाम सोबत घेतलं. अणदूरच्या अलीकडं चिंचेखाली गाडी लावली आणि गरमागरम भाजलेलं पनीर खाऊ घालतो म्हणाला.

पण बाहेर मांडलेली नवीकोरी जाळीची शेगडी गाडीतल्या गॅसला जोडताना त्याला घाम फुटला. आधी नळीच बसेना, बसली तर ज्योत काजव्याएवढी. गाडीचा एक रेग्युलेटर, शेगडीचा दुसरा. दोघं मिळून गॅसचा गळा आवळत होते. शेवटी त्यानं शेगडीचा रेग्युलेटर काढला, नळी सरळ गाडीच्या लाइनीला लावली आणि साबणाचा फेस लावून गळती तपासली. काडी ओढताच निळीशार ज्योत उभी राहिली. दाजी खुर्ची ओढून शेगडीजवळ बसले.

कृष्णराज ऐटीत पनीरला मसाला लावून आणायला गाडीत शिरला. बाहेर आला तर जळक्या दुधाचा वास सुटलेला, शेगडी विझलेली, बर्नरची सगळी भोकं बुजलेली. दाजी घाईघाईनं गॅस बंद करत होते आणि त्याची आई हातात पातेलं धरून मोठ्या समाधानानं उभी होती.

"घर नवं, शेगडी नवी. पयलं दूध उतू जाऊ द्यावं लागतंय बाबा," ती म्हणाली.



मग पातेलं खाली ठेवत तिनं पुढं सांगितलं, "आता या घरात कुणी उपाशी राहायचं न्हाय."