मानेतली गाठ

एमआरआय मशीनवर रोज लोकांच्या मानेतल्या गाठी बघणाऱ्या तंत्रज्ञाला बायको चार महिने सांगत होती, "अहो, मानेत गाठ लागतेय, जरा हात लावून बघा ना."

"सर्दीची असेल," तो ताटातून डोकं वर न काढता म्हणायचा. "दिवसभर तेच बघतो, घरी तरी नको गं."

शेवटी ती एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली आणि आज त्याच्या यादीत पाचवं नाव तिचंच निघालं. पडद्यावर एकमेकींना चिकटलेल्या सात गाठी दिसल्या.

असं काही दिसलं की पेशंटच्या घरच्यांना आधी आत बोलवायची तिथली पद्धत. सवयीने त्याने तिचा अर्ज उचलला.


'जवळचं माणूस' या रकान्यात तिने शेजारणीचं नाव लिहिलं होतं.