पहिलं कापड

"उशी न्हाई, लोड न्हाई, गोधडी न्हाई! मग बाळ काय फळीवर निजवायचं व्हय?"

लीलाबाईंचा आवाज असा चढला की तळेगावातल्या त्या दुकानाबाहेरचा रसवंतीवालाही वाकून आत बघायला लागला.

"आई, डॉक्टरांनीच सांगितलंय," सृष्टी हसत म्हणाली. आठवा महिना सरत आलेला, एक हात कमरेवर. "कॉटमध्ये टणक गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर. बस्स. सुटं काही ठेवायचं नाही, तोंडावर आलं की बाळ घुसमटतं."

"आमचा संदेश गोधडीतच वाढला की," लीलाबाई बोलून गेल्या आणि पदराचं टोक पिळायला लागल्या. चार वर्षांपूर्वी हायवेवरच्या अपघातात लेक गेला तेव्हापासून त्याचं नाव तोंडात आलं की त्यांचं असंच व्हायचं. मग त्यांनीच पदर खोचला. "बरं बाई, तू म्हणशील तसं. दाखवा हो चादरी!"

बाळ यायच्या आत काही विकत घ्यायचं नसतं, हे सगळ्या वराळे गावाला लीलाबाईच सांगत फिरायच्या. पण जावई, कैलास, रविवारी लोणावळ्याहून लाकडी कॉट घेऊन येणार म्हटल्यावर त्यांना धीर कुठला! सकाळी सृष्टीच्या आधी त्याच तयार होऊन बसल्या होत्या.

"लेक का सून?" गल्ल्यावरच्या नंदाबाईंनी विचारलं.

"लेक!" लीलाबाई ताडकन म्हणाल्या.

"तरीच! नाक अगदी तुमचंच उचललंय."

लीलाबाई अशा काही फुलल्या की त्यांनी घासाघीस न करताच गादी घेतली. वर मेणकापडही घेतलं.

अडलं ते चादरीपाशी. एक झुळझुळीत, पण हात ठेवताच घाम फुटावा अशी. दुसरी इतकी जाड की लोणावळ्याच्या ओलाव्यात दिवाळीपर्यंत वाळायची नाही. तिसरीला झालर आणि झालरीला मणी.

"मणी कशाला गं बाई? गिळायला?" लीलाबाईच करवादल्या. आता त्यांनाही सगळं कळायला लागलं होतं.

सृष्टीनं प्रत्येक चादर गालाला लावून बघितली आणि परत ठेवली. रिक्षात बसल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

घरी पोचल्या तर लीलाबाईंचे यजमान दत्तोबा ओट्यावरच वाट बघत बसलेले. सृष्टीनं सवयीनं ओढणी डोक्यावर घेतली.

"अगं, आता कशाला ते?" लीलाबाई ओरडल्या.

"पंख्याखाली बस जा, पोरी," दत्तोबा म्हणाले. "उन्हानं लाल झालीस."

याच दारात मांडव घालून त्यांनी तिचं लग्न लावून दिलं होतं. निम्मी भावकी रुसून जेवायला आली नाही, पण दत्तोबांनी कुणाची मनधरणी केली नाही. कन्यादानही त्यांनीच केलं.

त्या दुपारी लीलाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लावायचं असतं! धुऊन धुऊन मऊ झालेलं, घरच्या माणसाचं. पण त्यांच्या साड्या सगळ्या नायलॉनच्या. दत्तोबांची धोतरं हात लावला तर फाटतील अशी. चांगलं सुती कापड घरात एकच होतं, ट्रंकेतले संदेशचे चार शर्ट. त्यांना आजवर त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

शर्ट मांडीवर घेऊन त्या कितीतरी वेळ बसल्या. गेलेल्या माणसाचं कापड बाळाला? कैलासची आई काय म्हणेल? आणि सृष्टी? पोरीच्या तोंडावर आत्ता कुठं हसू आलंय. पण संदेशचं काहीतरी त्या बाळाच्या अंगाखाली असावं, असं त्यांना फार फार वाटत होतं. शेवटी त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि कात्री चालवली.

रोज दुपारी सृष्टीचा डोळा लागला की मशीन सुरू. बटणं काढून डबीत टाकली, तुकडे जोडले, कडेनं इलास्टिक ओवलं, दोनदा धुऊन उन्हात वाळवलं. आनंद पोटात मावत नव्हता आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

रविवारी कैलास आला. आधी भिंतीवरच्या संदेशच्या फोटोला त्यानं नवा हार घातला, मग पाना घेऊन कॉट जोडायला बसला. दत्तोबा नट पुरवत होते आणि दर नटाला सल्ला देत होते. कॉट उभी राहिली, गादी आत बसली.

"आता चादरीचं काय?" कैलासनं विचारलं.

लीलाबाईंनी पदराखालून घडी काढली.

"संदेशच्या शर्टांची हाय. नको आसंल तर तसं सांगा, मला राग न्हाई यायचा."

सृष्टीनं चादर घेतली आणि तिच्यात तोंड खुपसलं. कैलासनं एकदा फोटोकडे बघितलं. मग हळूच तिच्या हातातून चादर घेतली, वाकून एक कोपरा गादीवर चढवला, दुसरा चढवला.

"आई, अशी मऊ चादर बाजारात शोधून सापडायची नाही," तो म्हणाला. "आणि बसलीय कशी घट्ट, बघा! माझ्या आईचं तुम्ही मनात आणू नका. तिला मी सांगतो."

लीलाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. रडता रडता हसूही येत होतं. दत्तोबा उगाचच पाना पुसत बसले.

सृष्टीनं मशीनवरची बटणांची डबी उघडली. चाळवता चाळवता एक पांढरं बटण उचललं. त्याच्या भोकांत अजून लाल दोरा अडकलेला होता.

"हे मी लावलेलं," ती म्हणाली. "पांढरा दोरा कुठं ठेवलाय, ते विचारायची लाज वाटत होती."

"स्वतःच्या घरात कसली लाज?" कैलास हसला. "कधीची गोष्ट?"

सृष्टीनं बटण मुठीत घट्ट धरलं.

"संदेशची बायको म्हणून माप ओलांडून या घरात आले, त्याच आठवड्यातली."