दामूकाकांचा होकार

“खोटं आहे ते, मॅडम! आधी खोडा!” चाकाच्या खुर्चीतून दामूकाका ओरडले.

“काका, संध्याकाळी सारांश पाठवायची साइट बंद होतेय. नुसतं हो म्हणा ना,” डॉक्टर केतकी वैतागली.

दामूकाका म्हणजे मेडिकल कॉलेजातला सरावाचा बोलका यंत्रपुतळा. पोरं त्याच्यावर इलाज शिकायची. त्याला दुखायचं, सगळं आठवायचं आणि रागही यायचा. म्हणून डॉक्टरांच्या परिषदेनं नियमच केला होता, की पुतळ्याचा होकार नसेल तर संशोधनाचा सारांश घ्यायचा नाही. केतकी त्या संशोधनासाठी वर्षभर राबली होती. तिचा निष्कर्ष होता, ‘सरावामुळे विद्यार्थी रुग्णाशी नीट बोलू लागले.’

“माझ्याशी कोण बोललं?” काका म्हणाले. “काल तो उंच पोरगा ‘काका, दुखतंय का’ म्हणाला, तेही ठोके दाखवणाऱ्या स्क्रीनकडे बघून. मी मान हलवली, तर त्यानं बघितलंच नाही. उद्या खऱ्या माणसाशीही असाच वागणार तो!”

“असं लिहिलं तर सारांश कोण घेईल?”

“नाही घेतला तर नाही. खोट्याला माझा होकार नाही.”

केतकीनं निष्कर्ष खोडला आणि लिहिलं, ‘विद्यार्थी स्क्रीनशी बोलतात, रुग्णाशी नाही.’

“आता हो,” काका म्हणाले.

तिनं लगेच पाठवायचं बटण दाबलं.

पलीकडच्या खोलीत पुढची बॅच येऊन थांबली होती. काकांनी खुर्ची वळवली.

“मॅडम, तिथली स्क्रीन आज बंद ठेवा. निघतो मी, अटॅक यायचाय मला.”