शेवटची रांग

मेलबर्नच्या बाईंना सकाळपासून समुद्रकाठची पाच देवळं दाखवून दर्सा ड्रायव्हर बालीच्या दक्षिण कड्यावर पोचला, तेव्हा बाईंना देवापेक्षा चहाची गरज जास्त होती. सूर्यास्ताला होणाऱ्या नाचाच्या जागेसमोर त्यांना बसवून तो वळतो तोच मेळ्याचा म्होरक्या रिंतुग, ज्याला सगळे मानाने 'पाक' म्हणत, याने त्याचा दंड धरला.

"एक माणूस कमी पडतोय. शर्ट काढ, चौकडीचं वस्त्र गुंडाळ आणि बस."

"मला धड ताल येत नाही, पाक."

"सत्तर जण तोंडाने 'चाक चाक' असा ताल धरतात, तुझं कोण ऐकतंय? शेवटच्या रांगेत बस. पोट तेवढं आत घे."

शेवटच्या रांगेमागे वीतभर दगड होता आणि त्याखाली सरळ समुद्र.

नाच सुरू झाला. रीतीप्रमाणे प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यांवर हात ठेवले. दर्सानेही ठेवले.

मग त्याच्या खांद्यांवर दोन हात आले. गार, ओले आणि तालाला अगदी पक्के.

"माझ्या मागं कोण बसलंय रे?" त्याने शेजाऱ्याला विचारलं.

"मागं कोण बसणार, दादा? मासे?" शेजारी हसला आणि पुन्हा चाक चाक करू लागला.

दर्साला मान वळवायचा धीर होईना.

रिंतुगने आरोळी ठोकली. या आरोळीवर सगळ्यांनी मागच्याच्या मांडीवर डोकं टेकायचं, शेवटच्या रांगेने तेवढं ताठ बसायचं. पुढच्याचं डोकं दर्साच्या मांडीवर आलं. आता उठताही येईना.

खांद्यांवरचे हात त्याला सावकाश, जवळजवळ मायेने मागे ओढू लागले.

त्याचं डोकं एका ओल्या मांडीवर टेकलं.